दुकानासाठी घेतलेली सेन्सरवाली बेल: चार स्टार, आणि पाचव्याची भानगड

आधी सरळ सांगून टाकते, बेल चांगली आहे, घ्या. चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच आणि ते वाचून तुम्ही म्हणाल यात बेलचा काय दोष, तर मी पण तेच म्हणतेय, दोष नाहीच, पण पाच द्यायला हात होत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात फिटिंगचं काम करते. पुढे काउंटर, शोकेस, आरसे, आणि पार्टिशनच्या मागे माझं टेबल आणि काचा घासायचं मशीन. मशीन चालू असलं की पाणी पडत असतं, घरघर चालू असते, पुढे कोणी हाका मारून मारून दमलं तरी मला पत्ता नसतो. दिवसा काका (म्हणजे मालक, पण आम्ही सगळे काकाच म्हणतो) काउंटरला असतात पण संध्याकाळनंतर बहुतेक वेळा मी एकटीच, आणि गिऱ्हाईक येऊन ताटकळून निघून गेलं की दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं, म्हणून ही बेल.

दोन भाग येतात. एक डबी दाराजवळ लावायची, तिच्यात सेन्सर, आणि दुसरा स्पीकर, तो तुम्ही बसता तिथे प्लगमध्ये घालायचा. वायर नाही, ड्रिल नाही, दुहेरी टेपवर डबी चिकटते आणि खरंच चिकटते, काढायला गेलात तर रंग घेऊनच निघेल. डबीत एक नाही, दोन सेन्सर शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे माणूस आत आला की बाहेर गेला हे तिला कळतं, बाहेरच्या बाजूचा आधी हलला तर आत, आतल्या बाजूचा आधी हलला तर बाहेर. आत येताना डिंग-डाँग, बाहेर जाताना नुसतं एक टिंग. हे मला सगळ्यात आवडलं कारण मागे बसूनच कळतं की आलेलं माणूस अजून आहे का कंटाळून गेलं.

दोन माणसं खांद्याला खांदा लावून आली तर एकच धरते, आणि कोणी दारातच उभं राहून फोनवर बोलत बसलं तर बिचारी गोंधळते, डिंग-डाँग टिंग डिंग-डाँग असं काहीतरी करत राहते. पण एवढं चालतं.

आता सेन्सर कसा काम करतो ते थोडं सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे, आणि विकणारे हे नीट सांगत नाहीत, 'ह्यूमन सेन्सर' लिहून मोकळे होतात. याला पीआयआर म्हणतात. तो माणूस वगैरे काही ओळखत नाही. आपल्या अंगातून उष्णतेचे किरण निघतात, डोळ्यांना न दिसणारे, त्यांच्या लहरींची लांबी साधारण ९-१० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास सगळ्यात जास्त, आणि हा सेन्सर ७ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातला बदल टिपतो. बदल हा शब्द महत्त्वाचा. त्याच्या आत दोन तुकडे असतात आणि दोघांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडला की तो सिग्नल देतो, म्हणजे त्याला हलणारी ऊब लागते. हलणारी पण थंड वस्तू, किंवा गरम पण जागची न हलणारी, दोन्हीला तो ढिम्म. म्हणूनच खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की तो आंधळा व्हायला लागतो, भर उन्हाळ्यात रेंज कमी वाटली तर बेल बिघडली म्हणून परत पाठवू नका.

आणि काच! साधी खिडकीची काच हे लांब लहरींचे किरण आरपार जाऊच देत नाही. मी काचेत काम करते पण मला हे माहीत नव्हतं. म्हणून डबीच्या तोंडाशी काच नसते, ते पांढरं दुधी प्लास्टिक असतं कंगोरे कंगोरेवालं, तीच त्याची लेन्स. फायदा असा की काचेच्या दाराबाहेरून रस्त्यावरून कोणी गेलं तरी बेल वाजत नाही. दार उघडून माणूस आत आलं तरच वाजते. दार बंद तर बाहेरचं जग तिच्यासाठी नाहीच.

उगाच कधी वाजते? वाजते. एसीची किंवा हीटरची हवा थेट डबीवर आली तर वाजते, ऊन सरकत सरकत तिच्यावर पडलं तर कधीकधी, आणि किडा किंवा कोळी लेन्सवर चालला तर नक्की, कारण इतक्या जवळून एवढासा जीव पण तिला केवढा तरी मोठा वाटतो. शेजारच्या दुकानात त्याच जातीची बेल असेल तर तिचा सिग्नल पण तुमचा स्पीकर पकडू शकतो, यातल्या बऱ्याचशा ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि स्वस्तातल्यांचे डबी-स्पीकरच्या ओळखीचे कोड फारसे वेगळे नसतात. जोडणीचं बटण दाबून धरून नवीन कोड घेता येतो, तो पहिल्याच दिवशी घ्या.

इथपर्यंत पाच स्टार. आता ती रात्र.

शटर मी स्वतः पाडलं होतं. आमच्याकडे आधी शटर, मग आतून काचेचं दार, त्याला कडी. दोन्ही केलं, पुढचे दिवे घालवले, फक्त काउंटरवरचा एक लहान ठेवला आणि मागे येऊन बसले कारण एक रिमलेस उद्या सकाळी द्यायची होती. रिमलेस म्हणजे काचेलाच भोकं पाडून काडी बसवायची, स्क्रू इतके बारीक की जोरात श्वास सोडला तर उडतील, आणि काच तडकली तर अख्खी ऑर्डर पुन्हा. मशीन बंद होतं. घासायचं काम आधीच झालेलं, आता नुसतं हातकाम, त्यामुळे दुकानात शांतता.

डिंग-डाँग.

आणि मी, मान वर न करता, म्हटलं, "आले हं, दोन मिनिटं बसा."

हे तोंडाला इतकं बसलेलं आहे की डोकं लागतच नाही. बेल वाजली की वाक्य बाहेर पडतं. स्क्रू अर्धा बसलेला, चिमटा हातात, सोडता येत नव्हता. मग स्टुलाचा आवाज आला. आमचं गिऱ्हाइकाचं स्टूल फिरतं आहे, त्यावर कोणी टेकलं की आधी हवा दबल्याचा फुस्स आणि मग फिरताना कुईं. मी तो आवाज दिवसभर ऐकते. फुस्स, कुईं. आणि मग कोणीतरी म्हणालं,

"होऊ दे सावकाश."

सहज. वयस्कर माणूस म्हणतं तसं, घाई नाही बाई तुझं चालू दे अशा सुरात. बाईचा आवाज होता का पुरुषाचा, हे मला तेव्हापासून सगळे विचारतात आणि मला खरंच सांगता येत नाही. भीती वगैरे काही वाटली नाही हो, उलट मनात आलं की चला, समजूतदार गिऱ्हाईक आहे. मी स्क्रू पूर्ण बसवला, दुसऱ्या बाजूचा पण बसवला, फडक्याने काचा पुसल्या, आणि पुसता पुसता डोक्यात आलं की शटर बंद आहे.

हात तसेच राहिले. किती वेळ गेला सांगत नाही कारण मोजलाच नाही. बाहेर काहीही आवाज नव्हता. आणि टिंग झालेलं नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं, की बेलच्या हिशोबाने कोणीतरी आत आलंय आणि अजून आतच आहे.

शेवटी उठले, पार्टिशनपाशी आले, हात आत घालून सगळे दिवे लावले मग बघितलं. कोणी नाही. दाराची कडी लागलेली, शटर खाली. काउंटरच्या मागे, टेबलाखाली, सगळीकडे बघितलं (का बघितलं देव जाणे, असतं कोणी तर काय करणार होते). पण स्टूल फिरलेलं होतं. आमच्या स्टुलाचं रेक्झिन एका बाजूला फाटलंय, ती बाजू मी कायम भिंतीकडे करून ठेवते, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून, बंद करताना तर हमखास. फाटकी बाजू दाराकडे होती. आणि काउंटरवरचा हलता आरसा खाली झुकवलेला, बुटकं माणूस बसून स्वतःला बघेल तसा.

मी चष्मा डबीत घातला, पर्स घेतली आणि निघाले. निघताना माझंच टिंग वाजलं तेव्हा जी काय दचकले ती दचकले.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "पाल असेल गं." आणि खरं सांगायचं तर बेलपुरतं ते पटण्यासारखं आहे. पाल डबीवरून बाहेरच्या बाजूने आतल्या बाजूला सरकली तर दोन्ही सेन्सर बरोबर क्रमाने हलतील आणि डिंग-डाँग होईल. मग ती भिंतीवर वर निघून गेली तर टिंग होणार नाही. एकदम फिट बसतं. फक्त पाल 'होऊ दे सावकाश' म्हणत नाही.

मग कॅमेरा बघितला. आणि इथे मला पाचवा स्टार कापावासा वाटला. कॅमेरा पण बॅटरीच्या सेलवरचा आहे, तो सतत रेकॉर्ड करत नाही, झोपलेला असतो आणि त्याच्या स्वतःच्या पीआयआरला हलणारी ऊब लागली की जागा होऊन क्लिप घेतो. त्याला दार, काउंटर आणि अर्धं स्टूल दिसतं. एक क्लिप मी शटर पाडून दिवे घालवते ती. त्यात स्टुलाची कड दिसते, फाटकी बाजू दिसत नाही, म्हणजे मी नेहमीसारखी भिंतीकडे केलेली. त्याच्यानंतरची क्लिप थेट मी दिवे लावून पार्टिशनच्या कडेने डोकावतेय ती, आणि तिच्यात फाटकी बाजू कॅमेऱ्याकडे. मधे काही नाही. आवाज पण नाही कारण क्लिपच नाही तर आवाज कुठून येणार.

आता नीट विचार करा. माणूस येऊन बसला असता तर कॅमेरा जागा झाला असता, तो माझ्यासाठी होतो, काकांसाठी होतो, मांजर शिरली होती तेव्हा पण झाला होता. नुसतं स्टूल आपोआप फिरलं असतं तर कॅमेरा जागा होणार नाही, कारण स्टूल खोलीइतकंच गार, ते त्याला दिसतच नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या मते ऊब असलेलं कोणीही आलं नाही. बेलच्या मते आलं. दोघांत एकाच प्रकारचा सेन्सर. पाल धरली तर दोघं खरं बोलतात, पण मग स्टूल गार हाताने फिरवलं म्हणायचं का? हे वाक्य लिहिताना पण मला कसंतरी होतंय.

वाचायला लागले तेव्हा कळलं की रात्री एकट्याने काम करणाऱ्यांना असलं काही होणं नवीन नाही. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला विक टँडी नावाचा इंजिनियर होता, लॅबमध्ये रात्री एकटा काम करताना त्याला अंगावर काटा आला, घाम फुटला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. तो तलवारबाजी खेळायचा, दुसऱ्या दिवशी तलवारीचं पातं शिकंज्यात लावलं तर ते आपोआप थरथरायला लागलं. नवीन बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत साधारण १९ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांची ध्वनिलहर उभी राहिली होती, कानाला ऐकू न येणारी. फॅनमध्ये बदल केल्यावर सगळं थांबलं, १९९८ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. मला हे फार आवडलं, पण आमच्याकडे मशीन बंद, एसी बंद, एक्झॉस्ट नाहीच. आणि त्याची आकृती बोलली नव्हती.

आरशाचं पण एक आहे. जोव्हान्नी कापुटो म्हणून इटालियन संशोधक आहेत, त्यांनी २०१० मध्ये दाखवलं की मंद उजेडात १० मिनिटं आरशात स्वतःकडे टक लावून बघितलं तर चेहरा बदलायला लागतो, ५० जणांतल्या ६६ टक्के लोकांना आपलाच चेहरा भयंकर विद्रूप झालेला दिसला. दिवसभर आरशांत वावरणाऱ्या बाईने हे वाचू नये. पण मी आरशात बघतच नव्हते, मी स्क्रूकडे बघत होते.

सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग २०१४ चा, स्वित्झर्लंडमधला. माणसाच्या डोळ्यावर पट्टी, तो पुढे बोट हलवणार आणि मागून रोबो तीच हालचाल त्याच्या पाठीवर करणार. दोन्ही एका वेळी झालं तर काही नाही, पण रोबो अर्धा सेकंद उशिरा करायला लागला की काही जणांना मागे कोणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं, कोणाकोणाला तर इतकं असह्य झालं की थांबवा म्हणाले. म्हणजे आपलंच आपल्याला उशिरा पोचलं की मेंदू ते दुसऱ्याच्या नावावर टाकतो. हे वाचून मला वाटलं, अच्छा, मी 'बसा' म्हटलं आणि दिवसाकाठी इतक्यांदा ऐकलेलं उत्तर माझ्याच डोक्याने मला ऐकवलं. स्टुलाचा आवाज पण तसाच, बसा म्हटल्यावर फुस्स कुईं येतंच, तर तो पण आतूनच आला. आवाजांचं असं सगळं लागतं. आरशाचा स्क्रू जुना आहे, तो आपोआप झुकतो कधीकधी, ते पण लागलं.

राहिलं स्टूल. त्याला मी नंतर ढकलून बघितलं, वाऱ्याने फिरणारं ते नाही, दोन्ही हात लावावे लागतात. काका म्हणतात निघताना तुझ्याच पदराने फिरलं असेल. मी कामावर पंजाबी ड्रेस घालते, ओढणी पण घेत नाही मशीनमुळे, पण काकांना कोण सांगणार.

तिथे पूर्वी कोणी मेलं होतं का, असं विचारणाऱ्यांना: नाही. आधी तिथं पुठ्ठ्याचे बॉक्स ठेवायचं गोदाम होतं. कोणी जुनं गिऱ्हाईक वारलं का, ते पण मनात आणू नका, चष्म्याच्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं वयस्करच असतात, त्यातलं कोण कधी गेलं याचा हिशोब ठेवायला लागले तर मला फ्रेमला हात लावता येणार नाही.

त्यानंतर काय केलं ते सांगते, एकट्याने दुकान सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडेल. डबी जागची काढून चौकटीच्या आतल्या बाजूला, हवेच्या झोतापासून लांब लावली (रंग निघाला). नवीन कोड घेतला. लेन्स आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसते, जाळं धरलेलं असतं. कॅमेरा आता सतत रेकॉर्डिंगवाला घेतला, प्लगवरचा, कारण झोपणारा कॅमेरा म्हणजे गरज असेल तेव्हाच नेमका झोपलेला. दुकान सेलवरच्या कॅमेऱ्यावर सोडू नका, हे मी भुताचं सोडा, चोराच्या हिशोबाने सांगतेय. आणि बंद केल्यावर स्पीकर प्लगमधून काढून ठेवते. वाजलीच तर मला ऐकायची नाही.

तेव्हापासून बंद दुकानात काही झालेलं नाही. म्हणजे कोडचाच घोळ होता असं म्हणणाऱ्यांचं पारडं जड आहे आणि मी भांडणार नाही. फक्त 'बसा' म्हणायच्या आधी आता मी मान वर करून बघते, त्यात दोन काचा तडकल्या माझ्या हातून, त्याचं बिल बेल कंपनीला पाठवता येत नाही.

तर थोडक्यात कोणी घ्यावी: मागे बसून काम करणारा कोणीही, टेलर, मोबाइल रिपेअरवाले, झेरॉक्सवाले, डोळे झाकून घ्या. आवाज भरपूर आहे, सगळ्यात कमी ठेवला तरी पार्टिशनपलीकडे पोचतो. धून बदलता येते पण बाकीच्या धुनी ऐकवत नाहीत. डबीचे सेल बरेच चालतात, उतरायला लागले की आधी रेंज कमी होते, तेव्हा बदलून टाका. सेल घातल्यावर पहिलं मिनिटभर ती उगाच वाजेल, सेन्सर स्थिरावत असतो, घाबरू नका. एकच साधा आवाज असलेली आणि आत-बाहेर ओळखणारी अशा दोन मिळतात, दुसरी महाग आहे आणि कामाला तीच चांगली. पण रात्री एकटे थांबत असाल तर साधी घ्या. तिच्यात टिंग नसतं, त्यामुळे त्याची वाट पण बघावी लागत नाही.